अक्काच्या चिठ्ठ्या आणि माझं भांडण

अक्का, नांदेडहून परत आल्यापासून मी एका जागी बसलेली नाही. बसमध्ये लोहा गेलं, अहमदपूर गेलं, पण खिडकीबाहेर काय दिसलं ते मला सांगता येणार नाही. लातूरला घरी आले, कपाट आवरायला घेतलं, अर्धं टाकून स्वयंपाकघरात गेले, चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत गॅलरीत उभी राहिले. तू गेल्यानंतरची शिवगणाराधना पार पडली, जंगमस्वामी गेले, पाहुणे गेले. जाताना प्रत्येक जण म्हणाला, आता हळूहळू मन थाऱ्यावर येईल. मला थाऱ्यावर यायचं नाही गं. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्ध्यात सोडून तू गेलीस, आणि हे तुला शोभत नाही. लहानपणापासून शेवटचा शब्द तुझाच असायचा.

तू कुठं शिकलीस, किती वर्षं नोकरी केलीस, ते तुझ्या कॉलेजचे लोक लिहितील. माझ्यापुरतं एवढंच, की तू नांदेडला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचीस आणि मी लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेत चौथीला शिकवते. तू मोठी, मी धाकटी. उदगीरच्या आपल्या घरात आई, आपली अव्वा, रागावली की कानडीत बोलायची, तीच सवय तुला लागली होती. मी फार बडबडायला लागले की तू म्हणायचीस, "सुम्नीर गं." गप्प बस. मला असं गप्प बसवणारं आता कोणी उरलं नाही, म्हणून बोलत सुटले आहे.

भांडण सुरू झालं ते माझ्या आनंदाच्या दिवशी. माझ्या वर्गात काही पोरं वाचताना अडखळायची. मोठ्या माणसासमोर उभं केलं की त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मला सुचलं, यांना दुसरीतल्या लहान पोरांना गोष्ट वाचून दाखवायला लावू. चौथीतलं एक, दुसरीतलं एक, अशा जोड्या लावल्या. रोज मधल्या सुट्टीच्या आधी सगळा व्हरांडा त्यांच्या आवाजानं भरून जायचा. मिनिटाला किती शब्द वाचतात ते आधी मोजलं होतं, सहामाहीनंतर पुन्हा मोजलं. जोडीतली पोरं बाकीच्यांच्या कितीतरी पुढं गेली होती. मी ते कृतिसंशोधन म्हणून लिहून काढलं, तालुक्याच्या कार्यक्रमात वाचलं, शाल-श्रीफळ मिळालं. तू नेमकी लातूरला आली होतीस. ती शाल अंगावर घेऊनच मी तुला सगळं वाचून दाखवलं. तू भाकरी खात ऐकत होतीस.

"जोडीत कोणची पोरं बसवलीस?" तू विचारलंस.

"जी तयार होती ती."

"आणि तयार हायेत का न्हाईत, हे कुणी ठरवलं?"

"मी ठरवलं. माझी पोरं हायेत, मला कळत न्हाई का?"

तू चटणी बोटानं पुसून घेतलीस आणि म्हणालीस, "मग शैले, तुझ्या जोडीनं पोरं सुधारली, का सुधारणारीच पोरं तू जोडीत बसवलीस?"

मी शाल काढून खुर्चीवर टाकली. मला वाटलं, एवढ्या मोठ्या बहिणीला एक दिवस नुसतं 'छान' म्हणता येत नाही का? त्या दिवशी मी जेवले नाही. सकाळी मी पोळ्या लाटताना तू माझ्याशेजारी येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "नव्या वर्गावर परत कर. फक्त ह्या टायमाला पोरं तू निवडू नको. चिठ्ठ्या काढ."

"म्हंजे मी वाईट निवडते?"

"तू लई चांगली निवडतीस. त्याचीच तर अडचण हाय."

या वाक्यावर मी अजून चिडलेली आहे. आणि या वाक्यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत, तेही आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या परिच्छेदात पुन्हा भांडायला लागेन.

पुढच्या जूनमध्ये चिठ्ठ्या काढल्या. तू रजा काढून मुरुडला आलीस, कारण मी मध्येच हात मारीन अशी तुला खात्री होती. अडखळणाऱ्या पोरांची नावं स्टीलच्या डब्यात टाकली, अर्धी 'आत्ता', अर्धी 'दिवाळीनंतर'. सानियाची चिठ्ठी 'दिवाळीनंतर'मध्ये गेली. तिला जोडीत बसायची इतकी हौस होती की तिनं आदल्या दिवशीच गोष्टीचं पुस्तक निवडून ठेवलं होतं. ती तिथंच रडायला लागली. माझा हात खरंच डब्याकडे गेला आणि तू डब्यावर झाकण ठेवलंस.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. बाजारात बांगड्यांचं दुकान आहे त्यांचं. रागात होती, पण आवाज चढवला नाही तिनं. "मॅडम, माझ्या लेकीनं काय गुन्हा केला? नशिबाच्या चिठ्ठीवर शिकवतेत का कुठं?"

मी तुझ्याकडे पाहिलं. तू उठलीस, तिला खुर्ची दिलीस, आणि म्हणालीस, "बाई, ह्यानं फायदा होतो हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं तर चिठ्ठी काढलीच नसती, सगळ्यांना दिलं असतं. ठाऊक न्हाई म्हणून काढली. आणि मॅडमनी हातानं निवडलं असतं तर तुमच्या सानियाला का घेतलं न्हाई, हे तुम्ही जन्मभर विचारलं असतं. चिठ्ठीनं कुणाचं तोंड पाहिलं न्हाई."

तेव्हा कुठं ती खुर्चीवर टेकली. मग म्हणाली, "दिवाळीनंतर नक्की ना?" तू म्हणालीस, "नक्की. मी इथं येऊन बघीन." आणि तू आलीस.

त्याच वर्षीची दिवाळीची सुट्टी. आकडे घेऊन मी नांदेडला तुझ्याकडे आले. मला वाटलं होतं तू कॉम्प्युटर उघडशील, काहीतरी सूत्र घालशील, आणि उत्तर सांगशील. तू माळ्यावरून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढलास. जाड कागद, एकसारखे तुकडे कापायला चांगले. प्रत्येक तुकड्यावर एका पोराची वाढ लिहिली, म्हणजे आधीपेक्षा मिनिटाला किती शब्द जास्त वाचतो ते. नाव नाही, गट नाही. भाऊजींना दुकानातून जेवायला आल्यावर तू सतरंजीवर बसवलंस.

"हे काय, पत्ते खेळून राहिले का तुम्ही?" भाऊजींनी विचारलं.

"हाव. तुम्हीच पिसा," तू म्हणालीस.

मग तू मला समजावून सांगितलंस, आणि आजवर मी ऐकलेल्या कुठल्याही शिक्षकापेक्षा सोपं सांगितलंस. "समज, तुझ्या जोडीचा काडीचाबी परिणाम होत न्हाई. मग जे पोरगं जितकं सुधारलं, तितकं ते सुधारणारच होतं. चिठ्ठी 'आत्ता'ची निघू दे, का 'दिवाळीनंतर'ची. पटतं का?"

"पटतं."

"म्हंजे हे आकडे असेच राहणार. बदलंल ती फक्त चिठ्ठी. मग आपण चिठ्ठ्या परत वाटून बघू. आकडे पिसायचे, दोन ढीग करायचे, दोन्ही ढिगांच्या सरासरीत किती फरक पडतो ते बघायचं. परत पिसायचे, परत बघायचं. नुसत्या नशिबानं केवढा केवढा फरक पडू शकतो, ते आपल्याच आकड्यांकडून कळतं. मग तुझा खरा फरक त्यात कुठं बसतो ते बघू."

भाऊजी पिसायचे, मी ढीग करायचे, तू बेरजा करून कॅलेंडरच्या पाठीमागं एकेक ठिपका द्यायचीस. ठिपक्यांचा मधोमध डोंगर व्हायला लागला, कडेला विरळ. भाऊजी दुकान विसरले. प्रत्येक वेळी ठिपका कुठं पडतो याची त्यांना लहान पोरासारखी उत्सुकता. "बघ, आता लांब गेला!" म्हणून ओरडायचे. मी हसायचे, पण बोट कॅलेंडरवर एकाच जागी धरून बसले होते. मी माझा खरा फरक आधीच काढून ठेवला होता आणि तो कुठं पडणार ते मला दिसत होतं. डोंगराच्या उतारावर. कडेला होता, पण एकटा नव्हता. नुसत्या पिसण्यातून आलेले ठिपकेही त्याच्या पुढं जाऊन बसत होते. थोडे, पण बसत होते. नंतर तू कॉम्प्युटरवर तेच हजारो वेळा करून दाखवलंस. चित्र तेच राहिलं.

"म्हंजे काय?" मी विचारलं.

"म्हंजे असंलबी, नसंलबी. सांगता येत न्हाई."

तेव्हाच मी सानियाची गोष्ट काढली. ती पोरगी काय करत होती माहीत होतं ना तुला? शाळेत जोडीत बसायला मिळालं नाही म्हणून घरी रोज धाकट्या भावाला समोर बसवून वाचत होती. तिची आईच मला सांगून गेली होती. आणि 'दिवाळीनंतर'च्या गटात सगळ्यात जास्त वाढ कुणाची, तर तिची. मी म्हणाले, "अक्का, ती जोडीतच झाली की. तिला तिकडच्या गटात धर. मग बघ फरक कसा उजळतो."

"धरता येत न्हाई."

"का? तिनं खरंच वाचलंय!"

"वाचलंय. चांगलं केलं पोरीनं. पण चिठ्ठीनं जिथं टाकली तिथंच तिला मोजायचं. आज हिला उचलशील, उद्या जोडीत बसून न वाचणाऱ्या पोराला तिकडं ढकलशील. मग चिठ्ठी कशाला काढली होती? परत तूच निवडायला लागलीस."

"तुला पोरगी दिसत न्हाई, नुसता कागद दिसतो!" मी ओरडले. भाऊजी हळूच उठून दुकानात गेले. तू तुकडे गोळा करत होतीस, वर पाहिलं नाहीस. "सुम्नीर," म्हणालीस.

मी अहवालात 'सांगता येत नाही' असंच लिहिलं. तुझं म्हणणं खोडता आलं नाही म्हणून लिहिलं, पटलं म्हणून नव्हे. त्या वर्षी कार्यक्रमात मला वाचायलाही बोलावलं नाही. एक साहेब म्हणाले, "निष्कर्ष नाही, मग संशोधन कसलं?" मी तुला फोनवर हे सांगितलं तेव्हा तू नुसती हसलीस. मला ते हसणं फार लागलं. कितीतरी दिवस मी तुला आपणहून फोन केला नाही. अक्का, आता ते दिवस मला टोचतात. पण खरं सांगू, तेव्हा रागही खरा होता.

मग तूच आलीस, न कळवता, हातात पेढ्यांचा पुडा, आणि चप्पल काढता काढता म्हणालीस, "पोरं कमी पडली. फरक लहान असंल तर थोड्या पोरांत तो दिसत न्हाई. आणखी शाळा घे. किल्लारीला कुणी ओळखीचं हाय का?"

हे होतं तुझं माफी मागणं. मी ते ओळखलं आणि ओळखलं असं दाखवलं नाही.

किल्लारीच्या शाळेत मोरेबाई भेटल्या. भूकंप झाला तेव्हा त्या शाळकरी होत्या. त्यांनी आपलं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडं तेव्हापासून लई लोक आले, लिहून घेऊन गेले. काय निघालं ते सांगायला माघारी कुणी आलं न्हाई." तू लगेच म्हणालीस, "आम्ही येऊ. काहीबी निघू दे, येऊन सांगू." परतीच्या जीपमध्ये तू गप्प होतीस. मला वाटलं बाईंचं बोलणं लागलं. आता वाटतं, तेव्हाही तुझं पोट दुखत असेल. तू खिडकीला डोकं टेकवून बसली होतीस आणि मी आपली बडबडत होते.

तीन शाळा झाल्या. मुरुड, किल्लारी आणि शेजारचं एक गाव. प्रत्येक शाळेत वेगळ्या चिठ्ठ्या काढल्या. पोरं वाचायला लागली, आणि इकडं तुझ्या तपासण्या सुरू झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. स्वादुपिंड हा शब्द मी तोपर्यंत फक्त पाचवीच्या पुस्तकात वाचला होता.

हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, एक नवं औषध आहे, अजून तपासणं चालू आहे. अर्ध्या पेशंटना नेहमीचा इलाज, अर्ध्यांना नेहमीच्या इलाजाबरोबर ते नवं औषध. कुणाला काय, हे कॉम्प्युटर ठरवणार. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तू म्हणालीस, "मला घ्या." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांना एकच ऐकू आलं होतं, नवं औषध.

कॉम्प्युटरनं तुला नेहमीचा इलाज दिला.

मी व्हरांड्यात येरझारा घालत होते. माझ्या शाळेतल्या एका बाईंचा भाचा त्या हॉस्पिटलच्या ऑफिसात होता. फोन लावून झाला होता. तो म्हणाला होता, बघतो, साहेबांशी बोलतो. मी आत येऊन तुला हळूच सांगितलं. तू उशीवरून उठून बसलीस, सलाईनची नळी ताणली गेली.

"कुणाला सांगितलंस? आत्ताच्या आत्ता फोन कर त्याला. न्हाई म्हणून सांग."

"अक्का, जीवाचा प्रश्न हाय!"

"सगळ्यांच्याच जीवाचा हाय. मला ते औषध ओळखीनं मिळालं तर मी वाचले का मेले, कशाचाच उपयोग न्हाई कुणाला."

"मला कुणाचं काय करायचंय? तू लावलंस म्हणून पोरांवर चिठ्ठ्या काढल्या मी. पण तू पोर न्हाईस, तू माझी अक्का हायेस."

"सानियाबी तिच्या आईची सानियाच होती."

मी म्हणाले, "ते वाचन होतं. हे मरण हाय." मी हा शब्द तुझ्यासमोर पहिल्यांदा उच्चारला. भाऊजींनी भिंतीकडे तोंड केलं. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मला वाटलं आता म्हणशील, सुम्नीर. तू म्हणालीस, "डॉक्टरला ठाऊक न्हाई गं, शैले. नव्यानं माणूस वाचतं का लवकर मरतं, खरंच ठाऊक न्हाई कुणाला. मला भ्याव वाटतंय. पण ठाऊक नसलेलं ठाऊक हाय म्हणून मी कसं वागू?"

मी फोन केला. न्हाई म्हणून सांगितलं. तुझ्यापुढं उभं राहून, तुला ऐकू जाईल असं. पण मनातून मी हो म्हणाले नव्हते, आणि अजून म्हणत नाही.

हेच ते अर्धं राहिलेलं भांडण. नंतर आपण त्यावर एक अक्षर बोललो नाही. मी दर शनिवारी नांदेडला यायचे, तुझे पाय चेपायचे, तू शाळांचं विचारायचीस. आकडे आले तेव्हा मी स्वतः लॅपटॉपवर पिसायला बसले, तू शिकवलं होतंस तसं. तिन्ही शाळांची पोरं एकत्र केली आणि पिसली. तुला फोनवर सांगितलं तर तुझा आवाज एवढा बारीक झाला होता तरी कडाडलीस. "चिठ्ठ्या एकत्र काढल्या होत्या का? प्रत्येक शाळेत वेगळ्या काढल्या ना? मग पिसायचंबी प्रत्येक शाळेत वेगळं. जशी चिठ्ठी, तसंच पिसणं. किती येळा सांगू?"

पुन्हा केलं. या वेळी डोंगर एकीकडे आणि आपला फरक पार त्या टोकाला. पिसून पिसून क्वचितच एखादा तिथवर पोचत होता. मी लॅपटॉप घेऊन बसनं नांदेडला आले, तुझ्या पलंगाच्या कडेवर तो ठेवला आणि पडदा तुझ्याकडे फिरवला. तू चष्मा मागितलास. मी विचारलं, "बघ, हाय का न्हाई?"

तू फरकाचा आकडा पाहिलास. "लहान हाय," म्हणालीस. मग चष्मा काढून छातीवर ठेवलास. "पण हाय."

भाऊजींनी तुला पेढ्याचा कण चाटवला. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "आधी किल्लारीला सांगून ये."

मी गेले. मोरेबाईंनी मला वर्गात नेलं, पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि विचारलं, "त्या मोठ्या मॅडम आल्या न्हाईत?" मी म्हणाले, "त्यांनीच धाडलंय."

आता रोज उठून मी तुझ्याच पद्धतीनं विचार करायचा प्रयत्न करते. नव्या औषधाचा काडीचाही परिणाम होत नसेल, तर चिठ्ठी कुठलीही निघाली असती तरी तू त्याच दिवशी गेली असतीस. होत असेल, तर नसती गेलीस. किंवा त्याच्याही आधी गेली असतीस. या तीन वाक्यांमधून मी इकडून तिकडे फिरते आहे. पोरं पुष्कळ होती, आकडे पिसून बघता आले. तू एकच होतीस. एका माणसाचं पिसता येत नाही. तुझ्या शास्त्रात माझ्यासारख्या बहिणीसाठी काही आहे का, हे मला तुला विचारायचं होतं आणि विचारायला भीती वाटली. तू खरं सांगितलं असतंस.

आणखी एक सांगायचं आहे, ते तू गेल्यानंतरचं.

घर माणसांनी भरलं होतं. येणारा प्रत्येक जण विचारायचा, शेवटी त्रास झाला का? आणि भाऊजी प्रत्येकाला सांगायचे, "न्हाई न्हाई. शांत गेली. झोपेत गेल्यासारखी." मीही तेच म्हणायला लागले. शेजारच्या काकूंना, तुझ्या विद्यार्थ्यांना, उदगीरहून आलेल्या मावशीला. बोलता बोलता ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं की मला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं.

आराधनेच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले होते. भाऊजी आतल्या खोलीत तुझ्या पलंगावर पडले होते. तुझ्या मोबाइलवर हैदराबादहून फोन आला. त्या औषधाच्या अभ्यासात काम करणारी मुलगी होती, ती दर महिन्याला तुझी चौकशी करायची. मी सांगितलं, अक्का गेली. ती म्हणाली, "मॅडम, बहोत अफसोस हुआ. आप अभी बात कर सकते क्या? नहीं तो बाद में करती मैं." तिला शेवटच्या आठवड्यांबद्दल काही विचारायचं होतं. पेशंट गेला तर घरच्यांना विचारतात म्हणे.

मी आधी तिलाच विचारलं. नवं औषध घेणारी माणसं जास्त जगतायत का?

"नहीं मालूम मॅडम. किसी को नहीं मालूम अभी. स्टडी पूरा होने के बाद नतीजा खोलते वो."

मी म्हणाले, बरं, विचार.

खाणं जात होतं का? उठून बसता येत होतं का? मी सांगत गेले. मग ती म्हणाली, "आखरी हफ्ते में दर्द कितना था मॅडम? सिफर से दस में बोलना. सिफर मतलब बिल्कुल नहीं."

माझ्या तोंडावर ते वाक्य आलंच होतं. शांत गेली. ओठ हलले देखील. आणि मला दिसलीस तू, त्या शेवटच्या सकाळची, पलंगाची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरलेली. तू झोपेत गेली नाहीस. तू सगळी सकाळ झगडत होतीस. चादर पायानं फेकत होतीस, उठवा म्हणायचीस, उठवलं की आडवं करा म्हणायचीस. अव्वाला हाका मारत होतीस, कानडीत. आणि आम्ही दोघं तुझे हात धरून खोटं खोटं सांगत होतो, होईल कमी, आता होईल.

पलीकडे ती मुलगी थांबली होती. मी म्हणाले, "आठ."

आतून आवाज आला. भाऊजींचा. ते जागे होते, सगळं ऐकत होते. "शैला," ते म्हणाले, "आठ न्हाई. नऊ सांग."

मी नऊ सांगितलं.

तिनं तो आकडा हळूच पुन्हा उच्चारला, आभार मानले आणि फोन ठेवला. भाऊजी बाहेर आले. टॉवेलनं तोंड पुसून माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "लई तकलीफ झाली गं तिला." मी म्हणाले, "हाव." मग आम्ही बोलायला लागलो. कधी तू किंचाळलीस, कधी भाऊजींना शिव्या दिल्यास, कधी मध्येच दुखणं थांबलं आणि तू सानियाचं काय झालं म्हणून विचारलंस. तू गेल्यापासून पहिल्यांदाच आम्ही तुझ्याबद्दल खरं बोलत होतो, अक्का. कुणी दार वाजवलं, उघडायला गेलो नाही. ऊन उतरेपर्यंत बोलत राहिलो.